पानावरचे आणि पडद्यावरचे: कुमारसाहित्यातील प्रौढ विषयांच्या वादाची पार्श्वभूमी

ग्रिम बंधूंनी 1812 साली जर्मन लोककथांचा पहिला खंड छापला, तेव्हा त्यातली रापुन्झेल मनोऱ्यात कोंडून ठेवणाऱ्या बाईला अगदी भाबडेपणाने विचारते, की माझे कपडे हल्ली इतके घट्ट का होऊ लागले आहेत. मनोऱ्यात राजपुत्र येऊन जातो, हे त्या एका प्रश्नातून बाईला कळते आणि वाचकालाही. लहानांच्या हाती द्यायच्या पुस्तकात हे कसे चालेल, अशी टीका झाली, आणि पुढच्या आवृत्त्यांत तीच मुलगी विचारू लागली, की तुला वर ओढून घेताना राजपुत्रापेक्षा जास्त जड का जाते. गर्भारपण कथेतून नाहीसे झाले. त्याच संग्रहातल्या हिमगौरीच्या गोष्टीत मात्र दुष्ट राणीला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावतात, ती शिक्षा जागची हलली नाही. तिथे बदल झाला तो एवढाच, की 1812 मध्ये जी सख्खी आई होती, ती 1819 च्या आवृत्तीत सावत्र झाली.

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांत आणि त्यांवरून निघणाऱ्या चित्रपटांत लैंगिकता, हिंसा, व्यसन, आत्महत्या असे विषय असावेत का, हा आजचा वाद समजून घ्यायचा असेल तर या दोन दुरुस्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. चर्चा नेहमी विषय असावा की नसावा याची होते. निर्णय मात्र बहुतेक वेळा त्या विषयाची कोणती खूण दिसू द्यायची याचा होतो. गेल्या दोनशे वर्षांत ही खूण ठरवणारे लोक बदलले, साधने बदलली, तरी कात्री चालवण्याची ही तऱ्हा फारशी बदललेली नाही.

वयाची रेघ ओढण्याचा एक जुना प्रयत्न इंग्लंडमध्ये सारा ट्रिमर यांनी केला. 1802 साली सुरू केलेल्या 'द गार्डियन ऑफ एज्युकेशन' या नियतकालिकात त्या मुलांच्या पुस्तकांची परीक्षणे लिहीत, आणि त्यांनी वाचकांचे दोन भाग पाडले: चौदा वर्षांपर्यंतची मुले आणि चौदा ते एकवीस या वयातल्या 'तरुण व्यक्ती'. परीकथा मुलांच्या मनात भलतेसलते भरवतात, असे मानणाऱ्या ट्रिमरबाईंनीच कुमारवाचकाला स्वतंत्र खाना करून दिला, ही गंमत आहे. म्हणजे हा वर्ग जन्मला तोच राखणदारीच्या हेतूने. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1807 मध्ये, घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचता येईल असा 'द फॅमिली शेक्सपियर' निघाला. हेन्रिएटा आणि थॉमस बौडलर या भावाबहिणीने केलेल्या या काटछाटीवरून इंग्रजीत एक नवे क्रियापदच तयार झाले, आणि ते आजही कौतुकाने वापरले जात नाही.

पौगंडावस्था ही आयुष्यातली वेगळी पायरी आहे, हा विचार शास्त्रीय भाषेत रुळला तो जी. स्टॅनली हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या 1904 च्या ग्रंथानंतर. त्या वयाच्या वाचकांसाठी वेगळी कपाटे लावण्याचे काम अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी केले; 1957 मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने त्यासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि त्याच्या नावात 'यंग अ‍ॅडल्ट' हे शब्द आले. या शब्दजोडीत 'प्रौढ' हा शब्द मुळापासून आहे, याकडे मराठीत सहसा लक्ष जात नाही, कारण आपण 'कुमारसाहित्य' किंवा 'किशोरसाहित्य' म्हणतो आणि तो शब्द वाटेतच गळतो. त्यामुळे कुमारांच्या पुस्तकात प्रौढ विषय शिरले, हे वाक्य मराठीत घुसखोरीची तक्रार वाटते. मूळ संज्ञेत तसा विरोधाभास नाही.

या कपाटांत सुरुवातीला जी पुस्तके होती ती बहुतेक शाळा, खेळ, पहिले प्रेम अशा सौम्य विषयांची होती. 1967 मध्ये 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आली. ती लिहिणारी एस. ई. हिंटन तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती, आणि मुलांच्या टोळ्यांवरचे पुस्तक मुलीने लिहिले आहे हे कळल्यास परीक्षक पूर्वग्रहाने वाचतील या भीतीने प्रकाशकाने फक्त आद्याक्षरे छापली. भोसकाभोसकी, घरातली मारझोड, मित्राचा मृत्यू हे सारे त्यात आहे, आणि ते कुणा मोठ्याने उपदेशासाठी घातलेले नाही. आपल्या वयाच्या मुलांबद्दल खरे लिहिलेले वाचायला मिळत नाही, ही हिंटनची तक्रारच त्या पुस्तकामागे होती. या वादात फार महत्त्वाचे असूनही विसरले जाणारे सत्य हे, की आधुनिक कुमारकादंबरीत प्रौढ विषय आणणाऱ्यांत एक किशोरवयीन मुलगीच पुढे होती.

पुढच्या आठ-नऊ वर्षांत वाट रुंद झाली. 1971 मध्ये अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या मुलीची खरी रोजनिशी म्हणून 'गो आस्क अ‍ॅलिस' हे निनावी पुस्तक निघाले. ती रोजनिशी नसून बिअ‍ॅट्रिस स्पार्क्स या प्रौढ लेखिकेची करामत आहे, हे पुढे उघड झाले. 1975 मध्ये ज्यूडी ब्लूम यांची 'फॉरेव्हर' आली. प्रेमात पडून शरीरसंबंध ठेवणाऱ्या मुलामुलींपैकी कुणालाही शेवटी मरावे लागत नाही असे एखादे पुस्तक हवे, ही ब्लूम यांच्या मुलीची मागणी होती. या मागणीत आधीच्या सगळ्या पुस्तकांवरची टीका आली आहे: तोवर लैंगिकता वर्ज्य नव्हतीच, फक्त तिच्यामागून शिक्षा यावी लागे. 'फॉरेव्हर'वर ग्रंथालयांतून आक्षेप येत राहिले ते त्यातल्या तपशिलामुळे, तसे शिक्षेच्या अभावामुळेही, असे मला वाटते.

या दोहोंच्या मधली, 1974 ची रॉबर्ट कॉर्मियर यांची 'द चॉकलेट वॉर' वेगळ्याच कारणाने अडली. शाळेच्या निधीसाठी चॉकलेटे विकायला नकार देणारा एक मुलगा, त्याला मोडणारी विद्यार्थ्यांची टोळी आणि त्या टोळीचा वापर करून घेणारा शिक्षक, अशी ती गोष्ट आहे. प्रकाशकांना बोचत होता तो तिचा शेवट. मुलगा हरतो, आणि तत्त्वासाठी उभे राहणे व्यर्थ आहे असे मनाशी म्हणतो. शेवट सौम्य करा, असे सांगणाऱ्या प्रकाशकांना नकार देत कॉर्मियर यांनी तो तसाच ठेवला. निराशा हाही प्रौढ विषय असू शकतो, हे या पुस्तकाने दाखवले. प्रमाणपत्र देणाऱ्या कोणत्याही मंडळाकडे तो मोजण्याची पट्टी नाही.

न्यायालयात हा प्रश्न पोहोचला तो ग्रंथालयाच्या दारातून. न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज शाळा मंडळाने 'गो आस्क अ‍ॅलिस'सह काही पुस्तके ग्रंथालयातून काढली, त्याविरुद्ध स्टीव्हन पिको हा विद्यार्थी आणि त्याचे सोबती उभे राहिले, आणि 1982 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण न्यायाधीशांत इतकी फाटाफूट झाली की बहुमताचे एक निकालपत्र बनलेच नाही. केवळ त्यातले विचार आवडत नाहीत म्हणून शालेय ग्रंथालयातून पुस्तक काढता येत नाही, एवढे तत्त्व चार न्यायाधीशांच्या मतातून पुढे आले. ते कच्च्या पायावर राहिल्याने आजही तेथील राज्यांत आणि शाळा मंडळांत त्यावरून खटले चालतात.

चित्रपटाची वाट पहिल्यापासून निराळी होती, कारण पुस्तकाला छापण्याआधी वयाचा दाखला लागत नाही आणि चित्रपटाला बहुतेक देशांत लागतो. ब्रिटनमध्ये परिनिरीक्षण मंडळ 1912 मध्ये स्थापन झाले. अमेरिकेत 1968 मध्ये वयानुसार श्रेणी सुरू झाल्या, आणि 1984 च्या उन्हाळ्यात 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' व 'ग्रेम्लिन्स' या दोन चित्रपटांतल्या हिंसेवर पालक चिडल्यानंतर, स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्याच सूचनेवरून, त्यांत 'पीजी-13' ही पायरी घातली गेली. ही श्रेणी सल्ल्यापुरती आहे. तेरा वर्षांखालच्या मुलाला ती तिकीट नाकारत नाही. ब्रिटनमध्ये 1989 मध्ये बारा वर्षांचा दाखला आला आणि 2002 मध्ये तो सैल होऊन मोठ्या माणसासोबत लहानालाही आत सोडणारा '12ए' झाला. या पायऱ्यांचा आर्थिक अर्थ निर्मात्यांनी लगेच ओळखला. ज्या वयाच्या वाचकांनी कादंबरी डोक्यावर घेतली, त्यांनाच चित्रपटगृहात येता आले नाही तर रूपांतर करायचे कशाला? त्यामुळे पटकथा लिहितानाच श्रेणी ठरलेली असते.

आधीच्या रूपांतरांत ही गणिते इतकी उघड नव्हती. 'द आउटसायडर्स'चा चित्रपट निघाला तो कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी, विद्यार्थ्यांच्या सह्या जोडून, फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवले म्हणून. तो 1983 मध्ये आला, आणि मुलांनी मागितलेले रूपांतर म्हणून त्याच्याकडे आजही पाहिले जाते. 'द चॉकलेट वॉर' 1988 मध्ये पडद्यावर आला तेव्हा मात्र कॉर्मियर यांनी प्रकाशकांपासून वाचवलेला शेवट बदलला गेला होता: पडद्यावर मार खाणारा मुलगा टोळीच्या सूत्रधारालाच ठोसे लगावतो. चित्रपटातही त्या विजयाची चव कडवटच आहे, पण पुस्तकातला पराभव तेवढा राहत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण 'द हंगर गेम्स'चे. 2008 च्या या कादंबरीत बारा ते अठरा वर्षांची मुले राजसत्तेच्या आज्ञेने एकमेकांना मारतात आणि सारा देश ते दूरचित्रवाणीवर पाहतो. 2012 मध्ये चित्रपट ब्रिटनमध्ये आला तेव्हा बारा वर्षांचा दाखला मिळावा म्हणून वितरकाने सात सेकंदांचा भाग कमी केला: रक्ताचे शिंतोडे, जखमा आणि शस्त्रावरचे रक्त. मुलांनी मुलांना मारण्याचा मूळ विषय सात सेकंदांत बसणारा नव्हता आणि त्याला हात लावायचे कुणाला कारणही नव्हते. परिणाम असा, की पुस्तकात जो मृत्यू चिघळतो, दुर्गंधी सोडतो, तो पडद्यावर झटकन आणि स्वच्छ होतो. मारणे राहिले आणि मारण्याचा डाग गेला, याला मुलांचे संरक्षण म्हणणे मला जड जाते. लोखंडी जोडे ठेवून घट्ट कपडे काढणाऱ्यांची आठवण होते.

याच सुमारास कादंबरीच्या बाजूला उलटा ओघ होता. बाउकर या संस्थेच्या 2012 च्या पाहणीनुसार कुमारकादंबऱ्यांच्या खरेदीदारांपैकी 55 टक्के लोक अठरा किंवा त्याहून अधिक वयाचे होते. त्याच्या आदल्या वर्षी, जून 2011 मध्ये, 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये या पुस्तकांतल्या काळोखावर टीका करणारा लेख आला, आणि या पुस्तकांनी मला वाचवले असे सांगणाऱ्या हजारो वाचकांनी ट्विटरवर त्याला उत्तर दिले. एकाच शिक्क्याखाली पुस्तक मोठ्या वाचकाकडे आणि चित्रपट लहान प्रेक्षकाकडे सरकत होता. वादातले दोन्ही पक्ष मात्र ते एकच असल्यासारखे बोलत राहिले.

ही दरी कुठवर जाऊ शकते हे 'थर्टीन रीझन्स व्हाय'ने दाखवले. 2007 च्या या कादंबरीत मुलीचा मृत्यू आधीच घडून गेलेला असतो. वाचकाला ऐकू येतो तो तिचा ध्वनिमुद्रित आवाज. 2017 मध्ये नेटफ्लिक्सने मालिका केली, तेव्हा तो मृत्यू सविस्तर दृश्य म्हणून दाखवला. मानसोपचारतज्ज्ञांनी धोक्याचा इशारा दिला. न्यूझीलंडच्या परिनिरीक्षण कार्यालयाने तर त्यासाठी अठराखालच्यांनी पालकांसोबतच पाहावे अशी नवी श्रेणीच निर्माण केली. मालिका आल्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत दहा ते सतरा वयोगटातल्या आत्महत्या वाढल्याचे 2019 च्या एका अभ्यासात आढळले, तर त्याच आकडेवारीची फेरतपासणी करणाऱ्या दुसऱ्या संशोधकाने हा संबंध सिद्ध होत नाही असे म्हटले. जुलै 2019 मध्ये नेटफ्लिक्सने ते दृश्य काढून टाकले. त्याआधीच, मालिकेच्या गदारोळात, अमेरिकेतल्या ग्रंथालयांत 2017 या वर्षात सर्वाधिक आक्षेप आलेले पुस्तक म्हणून मूळ कादंबरीची नोंद झाली होती. दहा वर्षे कपाटात असलेल्या त्या कादंबरीत ते दृश्य कधी नव्हतेच.