घरगुती सीएनसी यंत्र : चालन आणि दोषशोधन

संगणकाकडून आलेल्या अंकीय आज्ञांनुसार कापणारे हत्यार तीन परस्परलंब अक्षांवर हलवून लाकूड, अ‍ॅक्रिलिक, सर्किट बोर्ड किंवा अ‍ॅल्युमिनियमसारखे मऊ धातू कोरणारे, टेबलावर मावेल एवढे मिलिंग यंत्र म्हणजे घरगुती सीएनसी (संगणकीय अंकीय नियंत्रण) यंत्र होय. छंद, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, नामफलक आणि लहान सुटे भाग यांसाठी ते वापरले जाते. कारखान्यातील यंत्राशी त्याचे तत्त्व एकच असले, तरी हत्यार प्रत्यक्षात कुठे पोहोचले आहे हे त्याच्या नियंत्रकाला बहुधा कळत नाही, आणि हा फरक मूलभूत आहे. या यंत्रातील बहुतेक दोषांचे स्वरूप आणि ते शोधण्याची रीत त्यावरूनच ठरते.

अंकीय नियंत्रणाचा उगम अमेरिकेत, विमानांचे वक्र भाग अचूक घडवण्याच्या गरजेतून झाला. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत काम होऊन १९५२ मध्ये असे मिलिंग यंत्र चालवून दाखवण्यात आले. आज्ञा लिहिण्याची जी-कोड ही भाषा पुढे आरएस-२७४ या अमेरिकी मानकात बांधली गेली. घरच्या संगणकाच्या पॅरलल पोर्टवरून यंत्र हाकणाऱ्या प्रणालींना पर्याय म्हणून २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी जीआरबीएल ही मुक्त प्रणाली सुरू केली. ती आर्डुइनो या लहान नियंत्रक बोर्डाच्या साध्या आठ-बिट चिपवर चालत असल्याने नियंत्रक अत्यंत स्वस्त झाला. आज सर्वत्र दिसणारे ‘३०१८’ हे यंत्र याच प्रणालीवर चालते. सुमारे ३० गुणिले १८ सेंटिमीटरच्या कार्यक्षेत्रावरून त्याला हे नाव पडले आहे.

या यंत्राचे अक्ष स्टेपर मोटरवर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरवर, चालतात. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर, म्हणजे मोटरला प्रवाह पुरवणारे सर्किट, प्रत्येक पावलाचे १६ सूक्ष्म भाग करतो, म्हणजे एका फेऱ्याला ३,२०० विद्युत स्पंद लागतात. लीड स्क्रूच्या, म्हणजे अक्ष सरकवणाऱ्या आटेदार दांड्याच्या, एका फेऱ्यात अक्ष ४ मिलिमीटर सरकत असेल, तर एका मिलिमीटरला ८०० स्पंद होतात, आणि हाच आकडा जीआरबीएलच्या $१००, $१०१ व $१०२ या नोंदींत तिन्ही अक्षांसाठी भरलेला असतो. नियंत्रक स्पंद पाठवतो आणि अक्ष तेवढा हलला असे गृहीत धरतो. औद्योगिक यंत्रात सर्व्हो मोटरचा एन्कोडर प्रत्यक्ष स्थिती उलट कळवतो. इथे तशी सोय नसते. मोटर अडखळली, मोटर आणि स्क्रू जोडणारे कपलिंग घसरले किंवा बिट (कापणारे हत्यार) त्याला पकडणाऱ्या कोलेटमधून खाली सरकला, तरी पडद्यावरचे आकडे निर्दोषच दिसत राहतात. म्हणून दोष शोधताना पडद्यापेक्षा बिघडलेल्या जॉबवर, म्हणजे कोरलेल्या वस्तूवर, अधिक विश्वास ठेवावा लागतो.

बिघडलेला जॉब पुष्कळ सांगतो, आणि तो टाकून देण्यापूर्वी व्हर्नियर व गुण्या घेऊन मोजला पाहिजे. एका विशिष्ट जागेपर्यंत नक्षी बरोबर असून तिथून पुढचे सगळे काम एकाच दिशेने सरकलेले असेल, तर त्या अक्षाची पावले हुकली आहेत. वर्तुळाच्या चार टोकांशी, म्हणजे जिथे अक्षाची दिशा उलटते तिथे, सपाट कडा किंवा बारीक पायरी दिसली तर तो बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नट यांमधील ढिलाई, होय. वर्तुळ गुळगुळीत पण लंबगोल आले आणि मोठ्या आकारात चूक त्याच प्रमाणात वाढली, तर मिलिमीटरमागील स्पंदांचा आकडा चुकीचा आहे. चौकोनाच्या बाजू समान असून कर्ण असमान भरले, तर एक्स आणि वाय अक्ष काटकोनात नाहीत. खोली कामाच्या ओघात हळूहळू वाढत गेली, तर बिट कोलेटमध्ये सैल आहे. ती जागेनुसार बदलत असेल, तर बेड, म्हणजे जॉब ठेवण्याचा पृष्ठभाग, समतल नाही. सपाट केलेल्या पृष्ठभागावर हाताला लागतील अशा समांतर पायऱ्या उमटल्या, तर बिट फिरवणारा स्पिंडल बेडला लंब नाही. सगळे काम २५.४ पट मोठे किंवा लहान निघाले, तर यंत्र निर्दोष असून फाइलमध्ये इंच आणि मिलिमीटर यांची, म्हणजे जी-२० आणि जी-२१ या आज्ञांची, अदलाबदल झालेली आहे.

पावले हुकणे ही सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे, आणि तिचे कारण बहुतेकदा सॉफ्टवेअरमध्ये शोधले जाते. हा क्रम उलटा आहे. आधी वीज बंद करून प्रत्येक लीड स्क्रू हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहावा. एखाद्या जागी तो जड जात असेल, तर अक्षाला आधार देणारे दांडे समांतर नाहीत, स्क्रू वाकलेला आहे किंवा नटमध्ये भुसा अडकला आहे. त्यानंतर कपलिंग शाफ्टवर आवळणारे बिनडोक्याचे ग्रब स्क्रू तपासावेत. मोटरच्या शाफ्टला सपाट बाजू असेल, तर एक ग्रब स्क्रू नेमका त्या बाजूवर बसलेला असला पाहिजे. यांत्रिक बाजू निर्दोष ठरल्यावरच वेग आणि त्वरण निम्मे करून तीच फाइल पुन्हा चालवावी. स्टेपर मोटरचे बल वेग वाढेल तसे घटते, त्यामुळे मंद गतीत सहज कापणारा अक्ष जलद हालचालीत अडखळू शकतो. शेवटी ड्रायव्हरचा प्रवाह पाहावा. प्रवाह कमी असेल तर बल अपुरे पडते. पण तो फार वाढवला तर ड्रायव्हर तापून क्षणभर स्वतःला बंद करतो आणि पावले पुन्हा हुकतात. या दुसऱ्या शक्यतेकडे दुर्लक्ष झाल्यास प्रवाह वाढवत नेण्याचे निष्फळ प्रयत्न होत राहतात. यंत्र चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये, कारण तेवढ्याने ड्रायव्हर जळू शकतो.

स्पंदांचा आकडा दुरुस्त करण्याचे गणित सोपे आहे. अक्षाला १०० मिलिमीटर जाण्यास सांगितले आणि तो ९९.२ मिलिमीटर गेला, तर ८०० ला १०० ने गुणून ९९.२ ने भागावे. नवा आकडा ८०६.४५ येतो. हे मोजमाप शक्य तितक्या लांब अंतरावर आणि नेहमी एकाच दिशेने पुढे जाऊन घ्यावे, अन्यथा बॅकलॅशची चूक या आकड्यात मिसळते. बॅकलॅश वेगळा मोजण्यासाठी डायल गेज अक्षाला टेकवून अक्ष १ मिलिमीटर पुढे आणि तेवढाच मागे न्यावा. काटा शून्यावर परतण्यास जितका कमी पडेल तितका नट ढिला आहे. स्प्रिंग असलेला दुहेरी नट बसवणे हा त्यावरचा खरा उपाय होय. स्पंदांच्या आकड्यात फेरफार करून बॅकलॅश झाकता येत नाही, कारण ही चूक अंतराच्या प्रमाणात वाढत नसून दिशा बदलताना दर वेळी तेवढीच राहते.

विद्युत दोष अधिक फसवे असतात. काम चालू असताना संगणक आणि नियंत्रक यांचा संपर्क तुटणे किंवा काहीही न धडकता लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाशी बसवलेला स्विच) दाबला गेल्याचा अलार्म येणे, यांमागे बहुधा स्पिंडलच्या मोटरचा विद्युत गोंगाट असतो. ३०१८ यंत्रातील ७७५ प्रकारच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, आणि तिथे उडणाऱ्या ठिणग्यांचा परिणाम जवळून जाणाऱ्या यूएसबी केबलवर व स्विचच्या वायरींवर होतो. दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्यासाठी तीच फाइल तीनदा चालवणे पुरेसे होते : प्रथम स्पिंडल बंद ठेवून हवेत, नंतर स्पिंडल चालू ठेवून हवेतच, आणि शेवटी प्रत्यक्ष जॉबवर. पहिल्याच फेरीत संपर्क तुटला, तर यूएसबी केबल, संगणकाची वीजबचत किंवा स्वतः फाइल तपासावी. दुसऱ्या फेरीत तुटला, तर गोंगाट हेच कारण आहे. फक्त तिसऱ्या फेरीत तुटला, तर कापताना वाढणारा भार आणि व्हॅक्यूमच्या नळीत साठणारी स्थिर वीज यांकडे पाहावे. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडणे, आखूड आणि आवरणयुक्त यूएसबी केबल वापरणे, स्विचच्या वायरी पीळ देऊन मोटरच्या वायरींपासून दूर नेणे आणि स्विच न दाबता सर्किट जोडलेले ठेवणाऱ्या (नॉर्मली क्लोज्ड) प्रकारचे घेणे, हे उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहेत. त्याआधी घरातील अर्थिंग खरोखर चालू आहे का, हे वीजतंत्रीकडून तपासून घेणे अगत्याचे आहे. जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असूनही अर्थिंगची वायर कधी कधी जोडलेलीच नसते.

जीआरबीएलचे संदेश संक्षिप्त असले, तरी निश्चित अर्थाचे असतात. अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच लागून यंत्र थांबले आणि त्याला कुलूप लागले. अशा वेळी $एक्स ही आज्ञा कुलूप उघडते, पण हरवलेली स्थिती परत आणत नाही; त्यासाठी $एच देऊन होमिंग करावे, म्हणजे अक्ष मूळ बिंदूवर नेऊन स्थिती पुन्हा ठरवावी लागते. त्रुटी ९ म्हणजे कुलूप लागलेले असताना आज्ञा पाठवली गेली. त्रुटी २० म्हणजे ओळखीची नसलेली आज्ञा, आणि ती बहुधा हत्यार बदलण्याच्या एम-६ मुळे येते. कॅम सॉफ्टवेअरमध्ये (आराखड्यावरून जी-कोड तयार करणाऱ्या) जीआरबीएलचा पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे त्या यंत्राला समजेल असा कोड लिहिणारा भाग, निवडला की ती नाहीशी होते. स्पिंडल फिरतच नसेल, तर मोटर बदलण्यापूर्वी फाइलमध्ये स्पिंडल सुरू करणाऱ्या एम-३ सोबत एस हा वेगाचा आकडा आहे का, ते पाहावे. झेड अक्ष थांबल्यावर आपोआप खाली उतरत असेल, तर $१ ची किंमत २५५ करावी, म्हणजे मोटरा स्थिर असतानाही घट्ट धरून राहतात.

कापण्याच्या गतीबाबत नवशिक्यांची सहजप्रवृत्ती मंद जाण्याची असते, आणि बऱ्याचदा तीच नुकसान करते. फीडला, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याच्या गतीला, स्पिंडलचे मिनिटाचे फेरे आणि बिटच्या धारांची संख्या यांच्या गुणाकाराने भागले की प्रत्येक धारेने काढलेल्या चिपची जाडी मिळते. १०,००० फेरे, दोन धारा आणि ०.०२५ मिलिमीटर चिप धरल्यास फीड मिनिटाला ५०० मिलिमीटर येतो. फीड याहून फारच कमी ठेवला, तर धार कापण्याऐवजी घासते. लाकूड करपते आणि अ‍ॅक्रिलिक वितळून बिटला चिकटते. हलक्या सांगाड्याच्या यंत्रात फीड कमी करण्यापेक्षा एका फेरीतील खोली कमी करणे अधिक चांगले. अ‍ॅल्युमिनियमसाठी एक धारेचा बिट, अगदी उथळ फेऱ्या आणि चिप सतत उडवून लावणारी हवा लागते.

सर्किट बोर्ड कोरताना समतलपणाची कसोटी लागते. तांब्याचा थर साधारणपणे ३५ मायक्रोमीटर जाडीचा असतो, तर बोर्डाचा बाक त्याच्या कित्येक पट असू शकतो. ३० अंशांचा व्ही-बिट ०.१ मिलिमीटर जास्त खोल गेला, तर खाच सुमारे ०.०५ मिलिमीटरने रुंदावते. ६० अंशांच्या बिटने ती दुपटीहून अधिक रुंदावते आणि बारीक पट्ट्या नष्ट होतात. म्हणून बिट आणि तांबे यांना प्रोबच्या दोन वायरी जोडून, जी-३८.२ या आज्ञेने बोर्डावरील अनेक बिंदूंची उंची टिपतात आणि त्या नकाशानुसार झेडच्या हालचाली दुरुस्त करून घेतात.

महाराष्ट्रात भोसरी, चाकण आणि कोल्हापूरच्या कारखान्यांमुळे सीएनसी हा शब्द घराघरांत पोहोचलेला आहे, आणि पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये सुरू झालेली फॅब लॅब (संगणकचलित यंत्रांनी वस्तू घडवण्याची खुली कार्यशाळा) ही अमेरिकेबाहेरील आरंभीच्या फॅब लॅबपैकी एक मानली जाते. इथल्या हवामानाने येणाऱ्या अडचणी मात्र परदेशी सूचनापुस्तिकांत सापडत नाहीत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बेडवरची एमडीएफची फळी ओल धरून फुगते, त्यामुळे आदल्या आठवड्यात साधलेला समतल टिकत नाही. ती यंत्रानेच पुन्हा सपाट करून घ्यावी लागते. दांड्यांना गंज चढू नये म्हणून तेलाचा पातळ हात द्यावा, पण जाड ग्रीस टाळावे, कारण त्यात भुसा अडकून लगदा होतो. वीज वारंवार जात असेल, तर यंत्र आणि संगणक दोन्ही यूपीएसवर असावेत.

लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात वर्गीकृत केलेली आहे, आणि सर्किट बोर्डाच्या धुळीत काचतंतू असतात. त्यामुळे मास्क, चष्मा आणि धूळ खेचण्याची सोय ऐच्छिक मानू नये. चालू यंत्र सोडून खोलीबाहेर जाऊ नये. आणीबाणीचे बटण सॉफ्टवेअरमधील नसून मोटरा व स्पिंडल यांचा वीजपुरवठा प्रत्यक्ष तोडणारे असावे. ते दाबल्यानंतरही यूएसबीवरच्या विजेमुळे नियंत्रक बऱ्याचदा जागाच राहतो आणि जुने आकडे दाखवत राहतो, म्हणून पुरवठा परत सुरू केल्यावर होमिंग करून आणि जॉबचा शून्यबिंदू तपासूनच पुढचे काम सुरू करावे.