लिंकन यांची दोन सभागृहं: व्हँडेलिया आणि स्प्रिंगफील्ड

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात 'जुनं विधिमंडळ' म्हणून दोन इमारती दाखवतात, एक व्हँडेलियाला, दुसरी स्प्रिंगफील्डला. दोन्हींत अब्राहम लिंकन आमदार म्हणून बसले, दोन्ही पुढे काउंटीचं कोर्ट झाल्या, आज दोन्ही स्मारकं आहेत. त्यामुळे एकीचा इतिहास दुसरीच्या नावावर हमखास खपतो. दिसण्यात मात्र घोटाळा व्हायचं कारण नाही: व्हँडेलियाची विटांची, पांढरी आणि साधी, स्प्रिंगफील्डची पिवळसर चुनखडीची, वर घुमट.

व्हँडेलियाची इमारत १८३६ च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी घाईघाईने उभी केली. राजधानी हलवण्याची चर्चा सुरू होती. नवी वास्तू पाहून तरी आमदार इथे टिकतील, हा हिशेब. डिसेंबरात अधिवेशन भरलं तेव्हा गिलावा अजून ओला होता. आणि त्याच अधिवेशनात, २८ फेब्रुवारी १८३७ रोजी, राजधानी स्प्रिंगफील्डला न्यायचं ठरलं! जेवायला मांडलेला पाटच पाहुण्यांनी उचलून न्यावा, तसं झालं. हे घडवून आणलं सँगमन काउंटीच्या, म्हणजे स्प्रिंगफील्ड ज्यात येतं त्याच जिल्ह्याच्या, ९ उंचपुऱ्या प्रतिनिधींनी; त्यांत लिंकन होते.

गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठरावही त्याच अधिवेशनातला. विरोधात जेमतेम ६ मतं पडली, त्यांत लिंकन यांचं एक. ३ मार्चला डॅन स्टोन या सहकाऱ्यासह त्यांनी लेखी नोंदवलं की गुलामगिरी अन्याय्य आहे आणि धोरण म्हणूनही वाईट आहे. (निर्मूलनाच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम वाढतील, असंही त्यातच लिहिलं.) तारीख पाहा: राजधानीचं काम पदरात पडल्यावरची. मुरब्बी राजकारणी तेव्हाच दिसतो.

आपसात फूट पडलेलं घर टिकत नाही, हे प्रसिद्ध भाषण मात्र स्प्रिंगफील्डच्या प्रतिनिधिगृहातलं, १६ जून १८५८ चं. पण लिंकन ते आमदार म्हणून बोलले नाहीत. त्यांची विधानसभेतली कारकीर्द १८४२ मध्येच संपली होती. रिपब्लिकन पक्षाच्या मेळाव्याने त्यांना सिनेटसाठी उमेदवार केलं, त्या संध्याकाळचं हे भाषण. मे १८६५ मध्ये त्यांचं पार्थिव दर्शनासाठी याच दालनात ठेवलं होतं. बराक ओबामांनी २००७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली तीही याच इमारतीसमोर, त्यामुळे कॅमेरे इकडेच वळतात.

आता खरी मेख. स्प्रिंगफील्डचं विधिमंडळ १८७६ मध्ये नव्या इमारतीत गेलं. पुढे कोर्टाला जागा अपुरी पडू लागली, म्हणून १८९९ च्या सुमारास अख्खी इमारत ११ फूट उचलून खाली नवा मजला घातला. १९६० च्या दशकात तर ती दगडादगडाने उतरवली, खाली वाहनतळ केला आणि तेच दगड पुन्हा रचले. म्हणजे बाहेरची भिंत जुनी, आतलं सभागृह नव्याने घडवलेलं. व्हँडेलियातही डागडुजी झाली, तिथली खांबांची ओसरी तर राजधानी गेल्यानंतरची. पण ती इमारत अशी उतरवून पुन्हा रचलेली नाही. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर मी व्हँडेलियाला जाईन.