थडग्यांवरील लेखांची स्वच्छता व वाचन

चर्चच्या आवारातील जुन्या थडग्यांच्या शिळा साफ करून त्यांवरचा कोरीव मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवण्याचे काम. वंशावळ शोधणारे, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक आणि चर्चचे स्वयंसेवक ते करतात. इंग्लंड व वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या सामान्य माणसाचा माग काढायचा तर बहुतेक वेळा चर्चची नोंदवही आणि थडगे यांवरच भिस्त ठेवावी लागते. नोंदवहीत सहसा दफनाची तारीख सापडते. मृत्यूची तारीख, वय आणि कोण कोणाचे कोण, हे शिळा सांगते.

नावात स्वच्छता आधी असली तरी प्रत्यक्षात वाचन आधी करावे. घासताना दगडाचा पापुद्रा सुटला तर अक्षरही जाते, म्हणून शिळा आहे त्या स्थितीत टिपून घेतात. पुष्कळदा तेवढ्यावरच भागते. प्रकाश शिळेला जवळजवळ समांतर, बाजूने पडला की झिजलेल्या अक्षरांतही सावली भरते. उत्तर गोलार्धात पूर्वाभिमुख शिळेवर असे तिरपे ऊन दुपारच्या सुमारास येते. उत्तरेकडे तोंड असलेल्या शिळेवर ते आरशाने पाडावे लागते. कॅमेरा हलू न देता दिवा निरनिराळ्या कोनांतून फिरवून घेतलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र करण्याचे तंत्रही आहे. ते २००१ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडले. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा दाढीचा फेस फासण्याची जुनी खोड मात्र घातक आहे: कण दगडाच्या छिद्रांत अडकतात आणि फेसातली आम्ले संगमरवराला खातात.

साफ करायचेच ठरले तर आधी बोटाने हलकेच ठोकून पाहतात. पोकळ आवाज आला की आतला थर सुटलेला असतो, आणि अशा शिळेला हात लावत नाहीत. वालुकाश्मात हे नेहमीचे. संगमरवर आम्लयुक्त पावसाने साखरेसारखा रवाळ होऊन झडतो. पाटीचा दगड बहुधा टणक निघतो. त्यावरची दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची अक्षरेही कधी कधी धारदार असतात. शिळा भरपूर भिजवून मऊ ब्रशने खालून वर घासत जातात, म्हणजे कोरड्या भागावर घाणेरड्या पाण्याचे ओघळ उठत नाहीत. तारेचा ब्रश, आम्ल आणि दाबाचे पाणी वर्ज्य. ब्लीचने दगड त्या दिवशी पांढरा दिसतो खरा, पण मागे राहिलेले क्षार आत स्फटिक होऊन त्याला फोडतात. दगडफुलाचा प्रश्न वेगळा. ब्रिटनमधील त्याच्या एकूण जातींपैकी एक तृतीयांशाहून अधिक चर्चच्या आवारांत आढळल्या आहेत, त्यामुळे मजकूर वाचता येत असेल तर ते खरवडण्याचे कारण नाही.

उतरवताना शुद्धलेखन सुधारायचे नाही. ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ देतात; न लागलेला मजकूर आणि अंदाजाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात दाखवतात. १ आणि ७, तसेच ३ आणि ८ हे इंग्रजी अंक झिजल्यावर एकमेकांसारखे दिसतात. जुन्या वळणाचा लांब ‘एस’ नवख्याला ‘एफ’ वाटतो. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून फेब्रुवारीतल्या मृत्यूपुढे १७२३/४ असे जोडवर्ष दिसले तर तेही तसेच ठेवायचे. शिशाची अक्षरे गळून पडलेली शिळा पाहून निराश होण्याचे कारण नाही. शिसे धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक छिद्रे उरलेली असतात आणि त्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येते.

परवानगी आवारापुरती घेऊन भागत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात शिळा उभारणाऱ्याच्या आणि त्याच्यामागे मृताच्या वारसांच्या मालकीची मानतात. मोठ्या कामाला ‘फॅकल्टी’ ही चर्चच्या न्यायव्यवस्थेची मंजुरी लागते. आधी कोणी उतरवलेली यादी असल्यास तीही ताडून पाहतात. आज न लागणारी ओळ तिच्यातून घेतली, तर ती शिळेवरून वाचलेली नाही हे नोंदीत स्पष्ट लिहितात.