रस्ता किती उंच असावा? नागपूरच्या मध्यवस्तीतील पातळीचे गणित

नागपूरच्या विधानभवनाजवळ झीरो माइलपाशी येणारे बहुतेक लोक चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब यांच्यासोबत छायाचित्र काढतात, हा देशाचा मध्यबिंदू खरोखर आहे की नाही यावर थोडा वाद घालतात आणि निघून जातात. खांबावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर अशा ठिकाणांची मैलांतील अंतरे कोरलेली आहेत, म्हणून त्याच्याकडे लक्ष जाते. शहर बांधणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र या जागेचे खरे मोल अंतरात नसून उंचीत आहे. १९०७ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा एक प्रमाण उंची-चिन्ह, ज्याला अभियंते ‘स्टँडर्ड बेंच मार्क’ म्हणतात, येथे बसवण्यात आला. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १,०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर आहे. दशांशचिन्हानंतरचा तिसरा अंक फुटाचा हजारावा भाग, म्हणजे मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा दाखवतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एवढ्या काटेकोरपणे उंची लिहून ठेवलेल्या शहरात, आजच्या पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी घरात शिरते तेव्हा वादाचा मुद्दा वीसपंचवीस सेंटिमीटरांचा असतो.

मध्यवस्तीचा पुनर्विकास म्हटले की रुंदी, लांबी आणि खर्च यांचीच चर्चा होते. महालातील केळीबाग रस्त्याचे रुंदीकरण, रेल्वे स्थानकाचा २०२२ च्या अखेरीस भूमिपूजन झालेला पुनर्विकास, बर्डीवर (म्हणजे सीताबर्डीत) एकमेकींना छेदणाऱ्या मेट्रोच्या दोन मार्गिका, ठिकठिकाणचे सिमेंट रस्ते, या प्रत्येक कामाचा आराखडा वरून पाहिलेल्या नकाशात मांडला जातो. पाणी मात्र नकाशा वाचत नाही. ते फक्त उतार ओळखते, आणि उतार हा दोन ठिकाणच्या उंचीतील फरक असल्यामुळे कोणते काम यशस्वी झाले आणि कोणते फसले याचा निर्णय पुष्कळदा नकाशात न दिसणाऱ्या या तिसऱ्या मापावर होतो.

नागपूरचा नैसर्गिक उतार ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. पश्चिमेला सेमिनरी हिल्स आणि तेलंगखेडीच्या टेकड्या, त्यांच्या दक्षिणेला अंबाझरी तलाव, आणि तेथून निघणारी नाग नदी बर्डीच्या बाजूने वाहत, महालाच्या दक्षिणेकडून पूर्वेला भांडेवाडीकडे जाते, पुढे पिवळी नदीला मिळून कन्हानच्या खोऱ्यात उतरते. जमिनीखालचा खडकही असाच दोन भागांत विभागलेला आहे. पश्चिम भागात दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट आहे, पूर्वेकडे त्याहून कितीतरी प्राचीन असा नाइस खडक आहे. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती बेसाल्टचीच. या खडकांवर अनेक ठिकाणी काळ्या मातीचा थर आहे. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते, त्यामुळे पावसाळ्यात उचललेली जमीन एप्रिल-मेमध्ये खाली बसते. अशा मातीवर पातळी टिकवून धरणे मुळातच कठीण असते.

त्यात १८६७ मध्ये रेल्वे आली आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या तिच्या मार्गाने बर्डी व जुने शहर यांच्यामध्ये एक सलग आड घातली. पूर्वेकडे वाहू पाहणाऱ्या पाण्याला आणि माणसांना तेव्हापासून या आडीतील मोजक्या वाटांनीच जावे लागते. कॉटन मार्केटकडे जाणारा लोहापूल ही अशीच एक वाट आहे, आणि जोराचा पाऊस झाला की तिच्याखाली पाणी साचते. रेल्वेखालचा रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल असतो, त्यामुळे तेथे जमलेल्या पाण्याला गुरुत्वाकर्षणाने बाहेर काढण्यासाठी त्याहूनही खोल नाली लागते. ती मिळाली नाही तर पंप लावावा लागतो, आणि वीज गेली की पंपही थांबतो. नरेंद्रनगरच्या पुलाखाली वर्षानुवर्षे हेच दिसते. कामठी रस्त्यावर गड्डीगोदाम येथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी चार मजली रचना असून रेल्वेवरून जाणाऱ्या तिच्या भागासाठी सुमारे १,६०० टन पोलाद वापरले आहे. ही रचना अभिमानाने दाखवण्याजोगी आहेच, तरीही पावसाच्या हिशोबात तिच्यातील सर्वांत महत्त्वाचा मजला तळाचाच राहतो.

सिमेंट रस्त्यांचा प्रश्न समजून घेण्यासाठी आधी ते का बांधले जातात हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा उन्हात डांबर मऊ पडते, जड वाहनांच्या चाकांखाली त्यात चाकोऱ्या उमटतात, आणि पावसाळ्यात खडी व डांबर यांच्यामध्ये पाणी शिरून खडी सुटी होते. काँक्रीटचा ताठ थर चाकाचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरवतो, त्यामुळे खालची माती कमजोर असली तरी तो बराच तग धरतो. उन्हाने तोही प्रसरण पावतो, पण फार नाही. साडेचार मीटर लांबीच्या तुकड्याचे तापमान ४० अंशांनी वाढले तर त्याची लांबी जेमतेम दोन मिलिमीटर वाढते. रस्त्यात ठरावीक अंतरावर दिसणारे आडवे काप हे आकुंचन-प्रसरण सामावून घेण्यासाठीच असतात. तेव्हा सिमेंट रस्ता हा मूर्खपणा आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

अडचण त्याच्या जाडीत आहे. वरचा मुख्य थर साधारण २० ते २५ सेंटिमीटरांचा असतो आणि त्याखाली कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा आणखी १० ते १५ सेंटिमीटरांचा थर असतो. दोन्ही मिळून एक फुटाहून अधिक उंची होते. हे सगळे जुन्या डांबरी रस्त्यावर तसेच चढवले तर दीड फूट जोत्याच्या घराचा उंबरठा रस्त्यापासून जेमतेम काही बोटे वर उरतो. महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांची जोती बैलगाडीच्या रस्त्याला धरून बांधलेली होती, त्यावर गेल्या शतकात डांबराचे कितीतरी थर आधीच चढलेले आहेत. परिणामी, ज्या घरात कधी दोन पायऱ्या चढून जावे लागे, त्यात आता पायरी उतरून जावे लागते, आणि घरमालक उंबऱ्यावर विटांची एक ओळ बांधून पाणी अडवू पाहतो. न्हाणीघरातून बाहेरच्या नालीत जाणारा पाइप जुन्याच उंचीवर असल्यामुळे नालीतील पाणी उलटे आत येते, आणि विटांच्या ओळीचा तेथे काहीच उपयोग होत नाही.

जुना रस्ता आधी खोदून काढायचा आणि नवा रस्ता जुन्याच पातळीवर आणायचा, हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. कामावरचे लोक याला ‘बॉक्स कटिंग’ म्हणतात. तो टाळला जातो याचे कारण केवळ आळस नाही. जुन्या रस्त्याचा घट्ट दबलेला थर हा तयार पाया असतो, तो उखडला की खालची काळी माती उघडी पडते, तिच्या जागी मुरूम आणि खडी भरून पुन्हा दाबावी लागते. शिवाय जुन्या वस्तीत नळाच्या जोडण्या, गडरलाइनची (जमिनीखालच्या सांडपाणी वाहिनीची) चेंबरे आणि विजेच्या तारा अगदी वरवर पुरलेल्या असतात, त्या नेमक्या कोठे आहेत याचे विश्वासार्ह नकाशे क्वचितच मिळतात. एका गल्लीत फूटभर खोदायचे म्हणजे तेथील निम्म्या जोडण्या पुन्हा कराव्या लागणार. खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात, हे खरे. पण न खोदल्याने वाचलेला तो खर्च नाहीसा होत नाही. तो दोन्ही बाजूंच्या घरमालकांच्या खिशातून, जोते उंचावण्याच्या आणि ओल काढण्याच्या कामांसाठी, हळूहळू जात राहतो, आणि कोणत्याही निविदेच्या कागदात तो दिसत नाही.

पातळीबरोबर पाण्याचे प्रमाणही बदलते. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी जमा होते. जागेवर माती आणि झाडे असतील तर त्यातले दीड लाख लिटर, किंवा त्याहूनही कमी, वाहून जाते आणि उरलेले मुरते. सगळीकडे काँक्रीट, छपरे आणि पेव्हर ब्लॉक असतील तर साडेचार लाख लिटरांपर्यंत पाणी वाहून जाऊ शकते. (पेव्हर ब्लॉकच्या फटींतून पाणी मुरते असा एक गोड समज आहे. खाली काँक्रीटचा थर असेल तर ते कोठे मुरणार?) म्हणजे पाऊस तेवढाच असताना नालीवरचा भार तिप्पट होतो, आणि गुळगुळीत पृष्ठभागावरून पाणी वेगाने धावत असल्यामुळे तो भार कमी वेळात एकदम येतो. पूर येतो तो या एकदमपणामुळे. जुन्या नागपुरातील गांधीसागर, नाईक तलाव, लेंडी तलाव यांसारखी तळी आजूबाजूचे पाणी काही तास थांबवून ठेवत असत, आणि पुराच्या दृष्टीने त्या काही तासांची किंमत फार मोठी असते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हे गणित प्रत्यक्ष घडले. मध्यरात्रीनंतरच्या अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत शिरले आणि खाली मोरभवनच्या बसस्थानकात बस पाण्यात उभ्या राहिल्या. माणसेही दगावली. त्यानंतर सांडव्याच्या (तलावातील जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या) तोंडाशी असलेल्या बांधकामांचा आणि विवेकानंद स्मारकाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. तलावाचा सांडवा ही मुळात ठरवून दिलेली एक पातळीच असते. पाणी तिच्यापर्यंत चढले की ते बाहेर पडणार हे तलाव बांधतानाच निश्चित झालेले असते. मग बाहेर पडलेल्या पाण्याला पुढे किती रुंद आणि किती खोल वाट मिळते यावर खालच्या वस्त्यांचे भवितव्य ठरते. त्या वाटेतील प्रत्येक पूल, प्रत्येक स्लॅब आणि प्रत्येक सुरक्षा भिंत नदीचा छेद थोडा थोडा कमी करते, आणि एकेकट्याने पाहिले तर त्यातली कोणतीच फारशी दोषी वाटत नाही.

नाल्यांचा उतारही किती नाजूक असतो ते एका उदाहरणाने पाहू. सपाट भागातील पावसाळी नालीला ५०० मीटरला एक मीटर एवढा उतार दिला, तर प्रत्येक ५० मीटरला ती फक्त १० सेंटिमीटर खाली उतरते. बांधताना एका ठिकाणी तळ १० सेंटिमीटर वर राहिला, की मागच्या ५० मीटरांचा उतार संपला. तेथे पाणी थबकते, गाळ बसतो, आणि बसलेला गाळ पुढच्या पाण्याला अडवतो. गडरलाइनमध्ये तर मैला वाहून नेण्यासाठी पाण्याला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरचा वेग लागतो, तो न मिळाल्यास ती हमखास तुंबते. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी भांडेवाडीहून कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, त्यातील पहिला प्रकल्प दररोज १३ कोटी लिटरांचा होता. देशात नावाजले गेलेले हे काम आहे. ते सांडपाणी घराघरांतून भांडेवाडीच्या दिशेने निघते ते मुख्यतः अशाच सेंटिमीटरांच्या उतारांवरून.

हे उतार राखण्याचे शास्त्र जुने आणि साधे आहे. तिपाईवर दुर्बिणीसारखे यंत्र नेमके आडवे बसवायचे, उंची ठाऊक असलेल्या चिन्हावर खुणांची उभी पट्टी धरून वाचन घ्यायचे, मग ती पट्टी नव्या जागी धरून पुन्हा वाचायचे. दोन वाचनांतील फरक म्हणजे दोन ठिकाणच्या उंचीतील फरक. असे टप्पे घेत पुढे जायचे आणि शेवटी पहिल्या चिन्हावर परत येऊन उत्तर शून्य येते का ते तपासायचे. एक किलोमीटरच्या फेरीत चूक काही मिलिमीटरांपुरती ठेवता येते. अलीकडे उपग्रहांवरून उंची मोजणारी यंत्रे आली आहेत, पण ती पृथ्वीच्या एका आदर्श गणिती आकारापासूनची उंची देतात. ती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत भारतात कित्येक ठिकाणी ५० मीटरांहून अधिक फरक पडतो, आणि तो योग्य रीतीने दुरुस्त केला नाही तर कागदावरचे पाणी चढावरही वाहू लागते. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. रस्ता एका यंत्रणेचा, नाली दुसरीची, उड्डाणपूल तिसरीचा आणि मेट्रो चौथीची, आणि प्रत्येकीने आपापल्या सोयीने एखाद्या पुलाच्या कठड्यावर किंवा इमारतीच्या पायरीवर ‘१००.०० मीटर’ असे तात्पुरते चिन्ह मानून काम केले, तर प्रत्येकीचे मोजमाप बिनचूक असूनही ती एकमेकांशी जुळत नाहीत. झीरो माइलच्या चिन्हाशी, किंवा त्याच्याशी जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या पक्क्या चिन्हाशी, सर्व कामे बांधून घेण्याला फारसा खर्च येत नाही.

कामाच्या ठिकाणी लावलेल्या फलकावर रस्त्याची लांबी, रुंदी, कंत्राटाची रक्कम आणि मुदत लिहिलेली असते. त्यात तयार रस्त्याची उंची ही आणखी एक ओळ घालावी, आणि ती काम सुरू होण्याआधी प्रत्येक कोपऱ्यावरच्या भिंतीवर रंगाने दाखवावी. नागरिकांना ती तपासायला महागडे यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल नळी पुरते. तिच्यात हवेचा बुडबुडा राहिलेला नाही हे पाहून एक टोक भिंतीवरच्या खुणेशी आणि दुसरे आपल्या उंबऱ्याशी धरले, तर दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत येते आणि रस्ता उंबऱ्याच्या वर येणार की खाली राहणार ते मिनिटाभरात कळते. ही तपासणी काँक्रीट ओतण्याआधी व्हायला हवी. ओतल्यावर २८ दिवसांत ते आपली ठरलेली ताकद गाठते, आणि त्यानंतर त्याची पातळी बदलायची तर ब्रेकर लावून फोडण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.