घासलेला अंगठा

नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही सरकारी डिजिटल सोय सुरू झाली आणि आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांवर हा दाखला मिळू लागला, त्यामुळे हेलपाटे वाचतील असे वाटले. प्रत्यक्षात नव्वदीतल्या आजी अंगठा पदराला पुसून पुन्हापुन्हा यंत्रावर ठेवतात, केंद्रातला मुलगा “आजी, जरा दाबून धरा” म्हणतो, आणि यंत्र काही त्यांना ओळखत नाही.

ठशाची मूळ नक्षी जन्मभर बदलत नाही हे खरे. परंतु वयोमानाने त्वचा पातळ व कोरडी होते, तिची लवचीकता घटते, घाम कमी येतो आणि नक्षीचे उंचवटे सपाट होत जातात. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रात काचेला टेकलेले उंचवटे गडद आणि मधल्या खाचा उजळ दिसतात. कोरडी त्वचा काचेला नीट चिकटत नसल्याने रेषा तुटक उमटतात, तर फार दाबल्यास उथळ खाचाही काचेला टेकून सगळेच काळवंडते. म्हणून दाबून धरण्याचा सल्ला पुष्कळदा उलटाच पडतो. त्यापेक्षा बोट किंचित ओलसर करून हलके टेकवणे बरे. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, ती या वयाला अधिक मानवणारी आहे. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची, म्हणजे एकदाच वापरायच्या सांकेतिक आकड्यांची, अडचण निराळी: उतारवयात आकडे मनात धरून ठेवण्याचा आणि टंकण्याचा वेग मंदावतो, समज नव्हे, पण मुदत मात्र तरुणांच्या वेगाने संपते.

यंत्रापाशी अडलेल्यांकडे पाहून काढलेला ‘म्हाताऱ्यांना आता कशातच रस नाही’ हा निष्कर्ष म्हणूनच मला घाईचा वाटतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंचाऐंशीच्या पुढचे ८१ लाखांहून अधिक मतदार नोंदलेले होते. त्यांच्यापैकी ज्यांनी घरून मतदान करण्यासाठीचा १२-ड हा अर्ज भरला, त्यांच्या घरी मतदान पथक गेले. तिथे ना यंत्र होते ना अंगठ्याची पडताळणी, होती ती कागदी मतपत्रिका आणि लिफाफा. १९५१ मध्ये हिमाचलातल्या कल्पा इथे मतदान केलेले, स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जाणारे श्याम सरन नेगी यांनीही २ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, असेच टपाली मत घरून दिले आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.