फडातला धूर देशाच्या वहीत कुठे लिहिला जातो?

गाळप हंगाम भरात आला की वाळवा, पलूस, कराडच्या पट्ट्यात रोज संध्याकाळी कुठे ना कुठे पाचट, म्हणजे तोडीनंतर उरलेला उसाचा वाळला पाला, पेटलेलं असतं. तोड झाली, ट्रॉल्या गेल्या, काडी ओढली की रान साफ. एका एकरात साधारण तीन ते चार टन पाचट निघतं. त्यात दीडेक टन कार्बन असतो. तो जळला की पाच-साडेपाच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारत संयुक्त राष्ट्रांना उत्सर्जनाचा जो हिशोब देतो, त्यात हे पाच टन शून्य धरलेले असतात.

यात लबाडी काही नाही. नियम जगभर हाच आहे. उसाने तो कार्बन वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला होता आणि पाचट जाळलं काय किंवा कुजलं काय, त्यातला बहुतेक कार्बन लवकरच परत हवेत जाणार. म्हणून पिकांच्या धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढा नोंदवतात, कार्बन डायऑक्साइड सोडून देतात. नियम तर्काला धरून आहे. पण पाचट रानात राहिलं असतं तर त्यातला थोडा कार्बन मातीत मुरला असता. तो मुरला नाही, हे नुकसान धुराच्या रकान्यात दिसत नाही. ते दिसायचंच असेल तर मातीच्या रकान्यात, आणि तिथे मोजणी सगळ्यात कच्ची आहे.

एखाद्या देशाच्या शेतजमिनीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख समोर आला, की रेघ वर चालली की खाली हे बघण्याआधी त्या रेघेत काय काय धरलंय ते विचारावं. इंडोनेशियाचा आलेख उंच दिसतो, कारण तिथे दलदलीतली पीट जमीन निचरा करून पामच्या लागवडीखाली आणली. हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साचलेला पालापाचोळा हवा लागताच कुजायला लागला. आपल्याकडे अशी जमीन केरळात कुट्टनाडच्या भागात थोडीफार आहे, कृष्णाकाठी नाही. त्यामुळे आपली गोष्ट वेगळी.

भारताच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा 2020 मध्ये 13.72 टक्के होता. त्यातला निम्म्याहून अधिक भाग जनावरांच्या रवंथातून येणारा मिथेन. बाकी भातखाचरांतला मिथेन, शेणखतातून निघणारे वायू आणि खतांमधून निघणारा नायट्रस ऑक्साइड. जमिनीत साठलेल्या कार्बनचा हिशोब या 13.72 टक्क्यांत नसतोच. तो जंगलांबरोबर वेगळ्या पानावर असतो आणि तिथला आकडा उणे आहे, म्हणजे जमीन आणि झाडं मिळून सोडतात त्यापेक्षा जास्त शोषतात. 2014 मध्ये सुमारे 30 कोटी टन, 2020 मध्ये सुमारे 52 कोटी टन. आणखी मागे, 2007 च्या हिशोबात तर पीकजमिनीने 20 कोटी 75 लाख टन शोषले आणि जंगलाने 6 कोटी 78 लाख टन, असं मांडलं होतं. शेत जंगलाच्या तिप्पट! पद्धत आणि नकाशे मधल्या काळात बदलत गेल्यामुळे 2007 आणि 2020 चे आकडे सरळ रेषेने जोडणं मला धाडसाचं वाटतं. चढती रेघ दिसली म्हणून माती तेवढ्याच वेगाने सुधारली असं म्हणता येत नाही.

शिवाय हा साठा वाढत राहत नाही. मातीची वापरपद्धत बदलली की कार्बनची पातळी हळूहळू नव्या समतोलावर येते आणि थांबते. हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्यासाठी ढोबळ 20 वर्षं धरतात. बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब, तासगावच्या द्राक्षबागा यांचंही तसंच. झाड वाढतंय तोवर शोषण, तोडलं की हिशोब उलटा. रुंद बांध ट्रॅक्टरला आडवे येतात म्हणून नांगरात घेतले जातात, त्याची नोंद कोण ठेवतो?

आता माती. माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब', म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत राहिलेला कार्बन, अशी ओळ असते. 0.40 टक्क्यांपर्यंत कमी, 0.41 ते 0.60 मध्यम, त्यापुढे चढत जातं. कर्ब टिकत नाही याचं मोठं कारण उष्णता आहे. तापलेल्या मातीत, ओल असली की जिवाणू झपाट्याने काम करतात. रोटाव्हेटरने ढेकळं फोडली की आत दडलेला कार्बन त्यांच्या हाती लागतो. माण, खटाव, आटपाडीत आणखी एक प्रकार घडतो. उन्हाळाभर कोरडी ठणठणीत झालेली जमीन वळवाच्या पहिल्या सरीने भिजते आणि काही तासांत मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर पडतो. कोरड्या काळात मेलेले जिवाणू आणि सुटा झालेला कर्ब उरलेल्यांना आयता खायला मिळतो. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च यांनी 1958 मध्ये कोरडेपणा आणि कर्बाच्या कुजण्याचा हा संबंध मांडला, म्हणून त्याला 'बर्च परिणाम' म्हणतात.

पाचट ठेवून किती फरक पडेल? वरच्या सहा इंचांत एकरी सुमारे 800 टन माती असते. सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा तर 800 किलो कार्बन मुरवावा लागेल. हवेतून काढलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात सुमारे तीन टन. पाचटातल्या दीड टन कार्बनपैकी दहा टक्के मुरला असं धरलं, तर वर्षाला 150 किलो. म्हणजे पाच-सहा वर्षं एकदाही काडी न लावता, आणि तेही आधीचा कर्ब घटत नसेल तर. कुट्टी केलेल्या पाचटावर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायची शिफारस आहे. युरिया यासाठी की पाचटात कार्बन भरपूर पण नत्र फार थोडं, आणि ते मिळालं नाही तर जिवाणू पिकाचं नत्र ओढतात. पेटवलं तर होतं तेवढं नत्रही धुरातच जातं.

युरियाचाही स्वतःचा कार्बन असतो, हे सहसा कुणी बोलत नाही. कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना निघालेला कार्बन डायऑक्साइड त्याच अमोनियाशी जोडून युरिया बनतो. रानात टाकल्यावर मातीतलं विकर (एन्झाइम) तो फोडतं आणि वायू मोकळा होतो. 45 किलोच्या एका गोणीतून 33 किलो. देशात वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या आसपास युरिया खपतो, म्हणजे अडीच कोटी टनांहून अधिक वायू. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या, उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. सगळं युरियातून दिलं तर एकरी जवळपास आठ गोण्या, 255 किलो कार्बन डायऑक्साइड. पण त्याच नत्रातला सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइड बनून उडतो, असं हिशोबात धरतात. तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा, म्हणून त्याचा भार एकरी 680 किलोंच्या घरात जातो. नुसती कार्बन डायऑक्साइडची रेघ पाहणाऱ्याच्या नजरेतून हा मोठा भाग निसटतो.

आणि पाणी. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांनी कृष्णेचं पाणी दुष्काळी माळावर चढवलं. त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण एक घनमीटर पाणी 100 मीटर चढवायला, पंपाची घट धरून, 0.4 युनिट वीज लागते आणि देशातल्या विजेच्या दर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाट पाण्यावरच्या 'सुरू', म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या, उसाला रानावर अडीच मीटर थर होईल इतकं पाणी लागतं. त्यातलं निम्मं जरी उपसून आलं तरी एकरी 5,000 घनमीटर, 2,000 युनिट, 1,400 किलो वायू. युरियाच्या पाचपट. तो शेतीच्या नव्हे, ऊर्जेच्या पानावर लिहिला जातो. ठिबक केलं की हा आकडा सरळ खाली येतो, पण शेतीचा आलेख जागचा हलत नाही.

हल्ली कार्बन क्रेडिटचं, म्हणजे मातीत मुरवलेल्या कार्बनच्या बदल्यात पैसे मिळण्याचं, बोलणं गावोगाव पोचलंय. कुणी करार घेऊन दारात आलं तर आधी विचारावं, सुरुवातीचा कर्ब कधी, किती खोलीवर आणि कुठल्या पद्धतीने मोजणार. बहुतेक प्रयोगशाळा वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. ती 1934 सालची आहे, स्वस्त आहे, आणि तिच्यात सगळा कर्ब पकडला जात नाही. एकाच रानात बांधालगतच्या आणि मधल्या नमुन्यात 0.1 टक्क्याचा फरक सहज निघतो. त्यामुळे दरवेळी त्याच जागा, तीच खोली, शक्यतो तोच महिना आणि तीच प्रयोगशाळा ठेवावी. 0.42 चं पुढच्या वर्षी 0.46 झालं तर त्यावरून काहीच ठरवू नये. पाच वर्षांनी 0.55 आलं तर बोलता येईल.