शोकांतिका आणि ग्रीकांची त्रागोइदिया

ग्रीक नाटकांविषयी लिहिताना 'त्रागोइदिया' या शब्दासाठी मराठीत सर्रास 'शोकांतिका' लिहिले जाते, आणि सोफोक्लीजचा राजा इडिपस अखेरीस स्वतःचे डोळे फोडून घेतो हे आठवले की त्यात काही खटकतही नाही. पण 'शोकांतिका' हा शब्द नाटकाच्या शेवटावर बोट ठेवतो. जुन्या समीक्षेतील 'शोकपर्यवसायी नाटक' ही संज्ञाही तेच करते. त्रागोइदिया हे मात्र एका नाट्यप्रकाराचे नाव होते: अथेन्समध्ये डायोनिसस देवाच्या उत्सवात, स्पर्धेसाठी, मुखवटे घातलेले नट आणि गाणारा-नाचणारा कोरस यांनी सादर केलेले, बहुधा पुराणकथेवर रचलेले गंभीर पद्यनाटक. शब्दाची फोड 'बोकड' आणि 'गाणे' अशी होते. हा बोकड बक्षिसाचा की बळीचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शेवटाविषयी मात्र या नावात अवाक्षरही नाही.

एस्किलसची 'ओरेस्टिया' ही इ.स.पू. 458 मधील नाट्यत्रयी पाहावी. पित्याच्या खुनाचा सूड म्हणून आईला ठार मारणारा ओरेस्टीज तिसऱ्या नाटकात अथेन्सच्या न्यायसभेपुढे उभा राहतो, मते समसमान पडतात आणि तो सुटतो. त्याच्या पाठीस लागलेल्या सूडदेवतांची अथीना मोठ्या चिकाटीने समजूत काढते आणि मशालींच्या उजेडात त्यांना मानाने नव्या स्थानी नेले जाते. मंगल मिरवणुकीने संपणारे हे नाटकही ग्रीकांच्या लेखी त्रागोइदियाच होते. युरिपिडीजच्या 'हेलन'मध्ये (इ.स.पू. 412) तर हेलन आणि तिचा पती मेनेलाउस इजिप्तच्या राजाला चकवून जहाजाने सुखरूप निसटतात.

ॲरिस्टॉटलच्या व्याख्येतही शोकान्ताची अट नाही. तिचा भर गंभीर व पूर्ण कृतीच्या अनुकरणावर आणि करुणा व भय यांतून साधणाऱ्या कॅथार्सिसवर, म्हणजे भावनांच्या शुद्धीवर वा निचऱ्यावर, आहे. सुखाकडून दुःखाकडे जाणारे कथानक तो एके ठिकाणी सरस ठरवतो हे खरे, परंतु पुढच्याच प्रकरणात, बहिणीच्या हातून भावाचा बळी जाण्याआधी ओळख पटून अनर्थ टळतो, अशा प्रसंगालाही तो सर्वोत्तम म्हणतो.

रंगभूमीबाहेर दोन्ही शब्दांच्या वाटा आणखीच फुटतात. 'हीच तर खरी शोकांतिका आहे' असे आपण दुष्काळापासून रखडलेल्या पुलापर्यंत कशाविषयीही म्हणतो. ग्रीकमध्ये याच शब्दाच्या कुळातील विशेषण भारदस्त, प्रसंगी आडंबरी भाषेसाठीही वापरले जाई, आणि एकही नाटक न लिहिलेल्या होमरला प्लेटोने त्रागोइदियाकारांतला पहिला म्हटले होते.